झाकलं पान, उघडं पान

१८२९ च्या डिसेंबरात जोसेफ कॉवेल नावाचा इंग्रज नट आगबोटीने न्यू ऑर्लिन्सकडे निघाला होता. बोटीवर रंगलेला पोकरचा डाव त्याने पुढे आपल्या आठवणींत टिपला. त्या पोकरात एक्क्यापासून दहापर्यंतची वीसच पानं. चौघांना पाच-पाच वाटली की कॅट संपला! पान बदलणं नाही, उघडणं नाही. समोरच्याच्या हाताचा सुगावा लागला तर फक्त त्याच्या बोलीतून. या खेळामागे फ्रेंचांचा ‘पोक’ हा पत्त्यांचा डाव असावा, असं बरेच अभ्यासक मानतात. न्यू ऑर्लिन्स मुळात फ्रेंचांचंच.

पुढे बावन्न पानं आली आणि हातातली नकोशी पानं टाकून नवी घ्यायची सोय झाली. हा ड्रॉ पोकर. इथे गुपिताला पहिली फट पडली. तीन पानं बदलणाऱ्याकडे बहुधा जोडी असते. एकही न बदलणारा एकतर भक्कम असतो, नाहीतर पक्का थापाड्या. ‘स्टड’ या पुढच्या प्रकाराने तर काही पानं उताणीच वाटली. सात पानांच्या स्टडमध्ये चार उघडी, तीन झाकलेली.

आज ‘पोकर’ म्हटलं की डोळ्यांपुढे येतो तो टेक्सास होल्डेम. त्याच्या जन्मस्थानाचा मान टेक्सासच्या विधिमंडळाने २००७ मध्ये रॉब्सटाउन गावाला दिला. प्रत्येकाकडे दोन झाकली पानं, मधे सगळ्यांची सामाईक पाच: आधी तीन, मग एक, मग आणखी एक. बोलीच्या फेऱ्या चार. लपवायला दोनच पानं उरली, पण थाप मारायच्या संधी वाढल्या. माझ्या मते होल्डेमच्या यशाचं कारण हेच. ‘ओमाहा’ या होल्डेमच्या भावंडात हाती चार पानं येतात आणि त्यातली नेमकी दोन वापरावी लागतात. होल्डेमवरून आलेला नवखा इथे हमखास फसतो. मधे चार बदाम, हातात बदामचा एकटा एक्का, आणि गडी ‘कलर’ झाला म्हणून खूश!

१ जानेवारी १९९८ ला ‘प्लॅनेट पोकर’ने पैसे लावून ऑनलाइन डाव सुरू केला आणि खेळाडूचा चेहराच झाकला गेला. वाचायला उरलं काय, तर बोलीची रक्कम आणि ती लावायला घेतलेला वेळ. २००३ मध्ये ख्रिस मनीमेकर हा टेनेसीचा हिशेबनीस ८६ डॉलरच्या ऑनलाइन स्पर्धेतून लास वेगासच्या जागतिक पोकर मालिकेत मुख्य स्पर्धेला पोचला आणि २५ लाख डॉलर जिंकला. मुख्य स्पर्धेत त्या वर्षी ८३९ जण होते. पुढच्या वर्षी २,५७६.

आपली तीन पत्ती ही इंग्रजांच्या ‘ब्रॅग’ची लेक. ब्लाइंड खेळणाऱ्याला निम्मी चाल, ही सवलतही तिकडचीच. झाकली पानं आणि थाप ओळखीचीच, म्हणून आपल्याकडच्या माणसाला होल्डेम फार परका वाटत नाही. मात्र खेळ कौशल्याचा असो वा नशिबाचा, ऑगस्ट २०२५ च्या केंद्रीय कायद्याने पैसे लावून चालणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली. नवख्यापुढे उरतात फुकट चिप्सचे डाव. हातांची उतरंड आणि बोलीचा क्रम शिकायला ते पुरेत. थाप मात्र तिथे चालत नाही, कारण गमवायचं काहीच नसलं की पान टाकतं कोण?