तालीम, कवायत आणि बँड : वऱ्हाडातील शालेय वाद्यशिक्षणाची पार्श्वभूमी

मराठीत 'तालीम' ह्या शब्दाचे दोन अर्थ शेजारी शेजारी नांदतात. कुस्तीचा आखाडा ती तालीम, आणि नाटकाचा सराव तीही तालीमच. मूळ अरबी शब्दाचा अर्थ 'शिकवणे' एवढाच आहे. हिंदुस्थानी गायकांनी तो गुरुमुखातून मिळणाऱ्या विद्येसाठी राखला, मराठीने तो आखाड्यातही नेला. 'उस्ताद'चा 'वस्ताद' झाला तोही असाच. कुस्ती शिकवणारा वस्ताद आणि डफावर थाप मारणाराही वस्ताद. अमरावती-अकोल्याच्या शाळांतील बँडशिक्षकाचे स्थान समजून घ्यावयाचे, तर शब्दांचे हे शेजारपण ध्यानी घेणे अवश्य आहे. येथील शाळेत समूहवादन आले ते गायनाच्या खोलीतून नव्हे, मैदानावरून.

बँड हा शब्द पलटणींबरोबर आला. १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केले ते हैदराबाद कंटिंजंट ह्या फौजेच्या खर्चासाठी, आणि ह्या फौजेची एक छावणी एलिचपुरास होती. कापसाच्या ह्या मुलखाचा महसूल कवायती फौजेवर खर्च होत असता तिच्या बोलीतले शब्द लोकांच्या कानी पडले नसते तरच नवल. पुढे लग्नाच्या वरातीत 'बँडबाजा' वाजू लागला. ह्या समासाची दोन्ही पदे जवळजवळ एकच अर्थ सांगतात. त्यातील 'बाजा' हे मराठीचे आपले रूप नव्हे. संस्कृत 'वाद्य'पासून मराठीत 'वाजणे', 'वाजप' असे वकारच टिकतात. बकार हिंदीकडचा, आणि हिंदी मुलखाला लागून असलेल्या वऱ्हाडात तो सहज रुळला.

'कवायत' हा शब्द त्याहून बोलका आहे. अरबी 'कायदा' ह्याचे अनेकवचन 'कवाइद' म्हणजे नियम. उर्दूत ह्याच शब्दाचा अर्थ व्याकरण असा होतो. मराठीने त्यातून पावलांचे व्याकरण केले. अमरावतीत १९१४ साली वैद्य बंधूंनी स्थापिलेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने ह्या व्याकरणास देशी साज चढविला. लेझीम हे मूळचे साखळी लावलेले धनुष्य, ओढून दंड बळकट करण्याचे साधन. साखळीत चकत्या आल्या आणि व्यायामाला नाद मिळाला. हलगीच्या ठेक्यावर शेकडो मुलांचे हात एका क्षणी वर जाणे, ह्यात व्यायाम किती आणि संगीत किती हे वेगळे काढता येत नाही. १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या प्रसंगी मंडळाच्या पथकाने देशी खेळांची प्रात्यक्षिके केली, तेव्हा युरोपीय प्रेक्षकांसमोर हेच तालाचे शिक्षण उभे होते.

मात्र ठेका जाणणाऱ्यास मान मिळत होता असे समजू नये. रसेल व हिरालाल यांच्या १९१६ च्या ग्रंथात मांग हे गावचे वाजंत्री म्हणून नोंदले आहेत. ज्यांच्या वाद्यावाचून मंगलकार्य होत नसे, त्यांनाच मांडवाबाहेर बसावे लागे. विद्या होती, पण तिला विद्या म्हणत नसत. वरच्या जातीच्या गवयाचीही दशा काही बाबतीत निराळी नव्हती. विष्णू दिगंबर पलुसकरांनी १८९६ च्या सुमारास मिरज सोडले. त्यांना ज्या समारंभाचे निमंत्रण होते त्याचे ते गुरू बाळकृष्णबुवांना नव्हते, हे त्यामागील कारण सांगतात. ५ मे १९०१ रोजी लाहोरला काढलेल्या गांधर्व महाविद्यालयात त्यांनी नेमलेला अभ्यासक्रम, छापील स्वरलिपी आणि परीक्षा आणल्या. ह्या पद्धतीने गाणे किती सुधारले ह्याविषयी मतभेद होऊ शकतील. शिकवणाऱ्याची प्रतिष्ठा वाढली ह्याविषयी होऊ नयेत.

'बँडमास्तर' ह्या शब्दाचे महत्त्व ह्या संदर्भात आहे. वाजंत्री हे जातीने चिकटलेले नाव, मास्तर हे कामाने मिळविलेले. गणिताच्या मास्तरांना लागते तेच पद ड्रम शिकवणाऱ्याला लागले, ही गोष्ट लहान नव्हे. तरीही वेळापत्रकात त्याचा तास शाळा सुटल्यावर आणि परीक्षा जवळ आली की प्रथम त्याचीच कपात, हा अनुभव सार्वत्रिक आहे. बँड हा समारंभाचा अलंकार, अशी समजूत त्याच्या मुळाशी असते.

वस्तुतः तो काय शिकवतो? शीघ्र चालीत मिनिटास १२० पावले पडतात आणि मोठ्या ड्रमचा ठोका डाव्या पावलाशी यावा लागतो. साइड ड्रम वाजवणाऱ्या मुलाला बासरीवाल्यांचा श्वास ऐकावा लागतो. झांजवाल्याला तर बहुतेक वेळ गप्प राहणेच शिकावे लागते, आणि ते सर्वांत अवघड. शेगावची पालखी अकोल्यातून पंढरीकडे जाते तेव्हा टाळकऱ्यांच्या रांगांत हीच शिस्त दिसते. मोझरीच्या गुरुकुंजात तुकडोजी महाराजांनी खंजिरीवर आणि सामुदायिक प्रार्थनेत हाच एकत्र तोल जमविला. बँडमास्तर त्याच परंपरेचे काम गणवेशातल्या मुलांकडून करवून घेतो, आणि त्यातला एखादा मुलगा वाजंत्र्याच्या घरचा असेल तर घरचा हात तो पहिल्यांदा शाळेत अभिमानाने दाखवतो.

१५ ऑगस्टच्या सकाळी पाहुण्यांचे डोळे ध्वजाकडे असतात. बँडमास्तर बाजूस उभा असतो आणि त्याचे लक्ष शेवटच्या रांगेतील सर्वांत लहान ड्रमवाल्याच्या मनगटाकडे असते.