महाराष्ट्र नगरपरिषद राज्यसेवा

महाराष्ट्र नगरपरिषद राज्यसेवा ही महाराष्ट्रातील नगरपरिषदा व नगरपंचायती यांमधील तांत्रिक, लेखा, कर आणि प्रशासकीय पदांसाठी राज्य शासनाने निर्माण केलेली सामाईक सेवा आहे. या सेवेतील कर्मचाऱ्याची निवड राज्य पातळीवर होते आणि त्याची एका नगरपरिषदेतून दुसरीत बदली होऊ शकते. वेतन मात्र तो ज्या नगरपरिषदेत काम करतो तिच्यामार्फत दिले जाते. नगरविकास विभागाच्या अखत्यारीतील नगरपरिषद प्रशासन संचालनालय या सेवेचे नियंत्रण करते. महानगरपालिकांचे कर्मचारी या सेवेत येत नाहीत.

पार्श्वभूमी

नागरी स्थानिक संस्थांच्या कर्मचारी व्यवस्थेचे अभ्यासक सामान्यतः तीन प्रकार मानतात. विलग पद्धतीत प्रत्येक नगरपालिका स्वतःचे कर्मचारी नेमते आणि त्यांची बदली बाहेर होत नाही. एकीकृत पद्धतीत राज्यातील सर्व नगरपालिकांसाठी एकच सेवा असते. एकात्मिक पद्धतीत नगरपालिकेचे आणि राज्य शासनाचे कर्मचारी एकाच सेवेचे घटक असतात. महाराष्ट्रात पहिल्या दोन पद्धती एकाच कार्यालयात शेजारी शेजारी नांदतात. नगर अभियंता राज्यसेवेतील असतो, तर त्याच्या हाताखालचा पाणीपुरवठा कर्मचारी स्थानिक आस्थापनेवरील असतो.

नेमणुका लोकप्रतिनिधींच्या मर्जीवर न सोडता परीक्षेने कराव्यात, हा विचार एकोणिसाव्या शतकात बळावला. ब्रिटनमध्ये १८५४ च्या नॉर्थकोट-ट्रेव्हेलियन अहवालाने त्याचा पुरस्कार केला. अमेरिकेत निवडणूक जिंकलेल्या पक्षाने आपल्या माणसांना सरकारी जागा वाटण्याची प्रथा होती. तिला १८८३ च्या पेंडलटन कायद्याने संघराज्य पातळीवर आळा बसू लागला आणि त्याच वर्षी न्यू यॉर्क राज्यानेही स्वतःचा नागरी सेवा कायदा केला. भारतात परीक्षा केंद्रीय सेवांपासून सुरू झाली. नगरपालिकांपर्यंत ती फार उशिरा पोहोचली.

महाराष्ट्र राज्य स्थापन झाले तेव्हा त्याच्या तीन विभागांत नगरपालिकांचे वेगवेगळे कायदे लागू होते. पश्चिम महाराष्ट्रात मुंबई प्रांताचे १९०१ व १९२५ चे कायदे, विदर्भात मध्य प्रांत व वऱ्हाडचा १९२२ चा कायदा, तर मराठवाड्यात हैदराबाद राज्याचा १९५६ चा जिल्हा नगरपालिका कायदा. या सर्वांच्या जागी महाराष्ट्र नगरपरिषदा अधिनियम, १९६५ आला. त्याने प्रत्येक नगरपरिषदेसाठी मुख्याधिकाऱ्याचे पद ठरवून दिले. जवळपास त्याच काळात केंद्राने नेमलेल्या ग्रामीण-नागरी संबंध समितीने १९६६ मध्ये राज्यव्यापी नगरपालिका संवर्गांची शिफारस केली, आणि उत्तर प्रदेशने त्याच वर्षी पालिका केंद्रीयित सेवेचे नियम केले. महाराष्ट्रात मुख्याधिकाऱ्याखालील पदांसाठी अशी सेवा प्रत्यक्षात येण्यास आणखी चार दशके लागली. तिचे समावेशन, सेवाप्रवेश व सेवाशर्ती यांविषयीचे नियम २००६ चे आहेत.

रचना व भरती

मुख्याधिकारी हे पद या सेवेपासून वेगळे आहे. ते गट अ व गट ब अशा दोन स्तरांवर असून महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या राज्यसेवा परीक्षेतून भरले जाते. नगरपरिषद राज्यसेवेत स्थापत्य, विद्युत व संगणक अभियांत्रिकी, पाणीपुरवठा, जलनिःसारण व स्वच्छता अभियांत्रिकी, लेखापरीक्षण व लेखा, कर निर्धारण व प्रशासकीय, अग्निशमन, आणि स्वच्छता निरीक्षक हे संवर्ग आहेत. संवर्गांत श्रेणी असून पदोन्नती श्रेणीनुसार होते. काही पदे नगरपरिषदांच्या स्थानिक कर्मचाऱ्यांमधून भरण्याचीही तरतूद आहे.

२०२३ मध्ये संचालनालयाने गट क मधील १,७८२ पदांसाठी जाहिरात दिली. त्यांपैकी ५७९ पदे कर निर्धारण व प्रशासकीय सेवेची, ३९१ स्थापत्य अभियांत्रिकीची, ३७२ अग्निशमनाची आणि २४७ लेखापरीक्षक व लेखापालांची होती. स्वच्छता निरीक्षकांची पदे केवळ ३५ होती. सर्वांत मोठा वाटा कर आकारणीला मिळाला, याचे कारण नगरपरिषदांच्या अर्थकारणात सापडते. १९९९ मध्ये नगरपरिषद हद्दीतील जकात रद्द झाली आणि मालमत्ता कर हे हाती उरलेले प्रमुख स्थानिक उत्पन्न ठरले. वेतनाचा मोठा भाग राज्याच्या सहायक अनुदानावर अवलंबून राहिला.

मूल्यमापन

या सेवेच्या बाजूने सर्वांत भक्कम मुद्दा लहान गावांचा आहे. पंचवीस-तीस हजार वस्तीच्या नगरपरिषदेला पात्र अभियंता किंवा लेखापाल स्वतःच्या बळावर मिळणे व टिकणे कठीण असते, आणि मिळाला तरी त्याला पदोन्नतीसाठी वरची जागाच नसते. सामाईक संवर्गामुळे ही कोंडी फुटते. शिवाय मोजणी न करता देयक मंजूर करण्याचा किंवा एखाद्याची कर आकारणी कमी दाखवण्याचा दबाव आल्यास, ज्याची नोकरी गावातल्या कोणाच्या हाती नाही असा कर्मचारी तो अधिक सहजपणे नाकारू शकतो. बदलीचे शस्त्र मात्र उरतेच. ते गावातून मंत्रालयात गेलेले असते.

विरोधी मुद्दा लोकशाही उत्तरदायित्वाचा आहे. ७४ व्या घटनादुरुस्तीने (१९९२, अंमल १ जून १९९३) नगरपालिकांना स्वशासनाच्या संस्था मानले. ज्या सभागृहाला आपल्या अभियंत्याची नेमणूक करता येत नाही, त्याला रखडलेल्या कामाबद्दल मतदारांपुढे जबाबदार धरणे कितपत न्याय्य, असा प्रश्न त्यातून उभा राहतो. दुसऱ्या प्रशासकीय सुधारणा आयोगाच्या स्थानिक शासनविषयक अहवालाचा (२००७) कलही कर्मचाऱ्यांवर स्थानिक संस्थांचे नियंत्रण असावे याच बाजूचा आहे. परिषदेचा ठराव तहकूब करण्याचा अधिकार अधिनियमाच्या कलम ३०८ ने जिल्हाधिकाऱ्याला दिला आहे, त्यामुळे राज्याचा हात आधीच लांब होता. २०२२ पासून निवडणुका लांबून अनेक नगरपरिषदांवर प्रशासक आले, तेव्हा सभागृहाविना केवळ राज्याच्या सेवकांनी चालवलेली नगरपरिषद हा तात्त्विक प्रसंग राहिला नाही.

या वादात तिसरा घटक बहुधा विसरला जातो. झाडणारे, गटारे उपसणारे आणि नळाचे पाणी सोडणारे कर्मचारी संख्येने सर्वाधिक असूनही राज्यसेवेच्या कक्षेबाहेर आहेत. स्थायी सफाई कामगारांच्या वारसांना लाड व पागे समित्यांच्या शिफारशींनुसार नेमणूक मिळते; त्याबाबतच्या तरतुदी २४ फेब्रुवारी २०२३ च्या शासन निर्णयात एकत्र करण्यात आल्या. परंतु हे काम अनेक ठिकाणी ठेकेदाराकडे गेले आहे. केवळ दीर्घ सेवेच्या आधारे रोजंदारी कर्मचाऱ्याला कायम होण्याचा हक्क मिळत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने उमादेवी खटल्यात (२००६) म्हटले. दुसरीकडे, कंत्राट हाच देखावा असल्याचे औद्योगिक न्यायाधिकरणापुढे सिद्ध झाल्यास निकाल वेगळा लागू शकतो. बृहन्मुंबई महानगरपालिकेच्या २,७०० कचरा वाहतूक कामगारांना कायम करण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये उचलून धरला. त्यासाठी संघटना आणि वर्षानुवर्षांची न्यायालयीन लढाई लागली. लहान नगरपरिषदांतील कामगारांकडे सहसा दोन्ही नसतात.

धाराशिव जिल्हा व येरमाळा

धाराशिव जिल्ह्यात धाराशिव, तुळजापूर, कळंब, भूम, परंडा, उमरगा, मुरूम व नळदुर्ग या नगरपरिषदा आणि लोहारा व वाशी या नगरपंचायती आहेत. तालुक्याच्या मुख्यालयी असलेल्या ग्रामपंचायतींना नगरपंचायतीचा दर्जा देण्याचे धोरण राज्याने २०१४ मध्ये स्वीकारले. लोहारा व वाशी ही त्याची उदाहरणे आहेत.

कळंब तालुक्यातील येरमाळा तालुक्याचे ठिकाण नाही आणि तेथे ग्रामपंचायत आहे. मात्र हे गाव सोलापूर-धुळे महामार्गावर वसले असून येडेश्वरी देवीच्या चैत्री पौर्णिमेच्या यात्रेला तेथे प्रचंड गर्दी होते. त्या दिवसांत पाणी, स्वच्छता व दिवाबत्तीचा भार शहरासारखा असतो, आस्थापना मात्र ग्रामपंचायतीचीच. ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचा ग्रामसेवक) जिल्हा परिषदेचा कर्मचारी असतो. शिपाई व पाणीपुरवठा कर्मचारी ग्रामपंचायतीचे असतात. जिल्हा परिषदेच्या गट क व गट ड मधील १० टक्के पदे अशा कर्मचाऱ्यांसाठी राखून ठेवलेली असतात, आणि बढतीची त्यांची वाट जवळपास तेवढीच असते.

अधिनियमानुसार १०,००० ते २५,००० लोकसंख्येच्या संक्रमणशील क्षेत्रासाठी नगरपंचायत स्थापन करता येते. अशा रूपांतरात ग्रामपंचायतीच्या कर्मचाऱ्यांचे समावेशन आपोआप होत नाही. मंजूर पद, शैक्षणिक पात्रता आणि मूळ नेमणुकीची नियमितता तपासली जाते. अभियंता व लेखापाल राज्यसेवेतून येतात. गावाची जलवाहिनी कोठून कशी जाते हे वर्षानुवर्षे पाठ असलेला माणूस कागदावर अपात्र ठरू शकतो.