सत्यमेव जयते (कन्नूर)
केरळमधील कन्नूर जिल्ह्यात 2018 मध्ये सुरू झालेला, शाळकरी मुलांना खोट्या बातम्या ओळखायला शिकवणारा उपक्रम. आदल्या वर्षी गोवर-रुबेला लसीविषयी व्हॉट्सॲपवरून अफवा पसरल्या आणि अनेक पालकांनी लसीकरणाला नकार दिला. तत्कालीन जिल्हाधिकारी मीर मोहम्मद अली यांनी उपाय शोधला तो वर्गात. सुमारे 150 सरकारी शाळांत तास झाले: बातमीचा उगम तपासणे, फसव्या मथळ्याला न भुलणे, समाजमाध्यमे आपल्याला आवडेल तेच पुढे का करतात हे समजून घेणे.

हे शिक्षण चैनीचे नव्हे, निकडीचेच होते.

त्याच वर्षी 1 जुलैला धुळे जिल्ह्यातील राईनपाड्यात, मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने भटक्या समाजातील पाच निरपराधांना ठार मारले. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठवण्याची मर्यादा जाहीर केली.