हाताच्या जखमा : प्रथमोपचार व पट्टी
मनगट, तळहात व बोटे कापली, चेंगरली, भाजली किंवा तुटली असता डॉक्टरांकडे पोहोचेपर्यंत करायचे उपाय. पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेकाठी असलेल्या मांजरीत या विषयाला शेतीची बाजू आहे. उसावर संशोधन करणारी वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट (१९७५) आणि राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र (१९९७) या दोन्ही संस्था इथल्याच. ही दोन्ही पिके मजुरांच्या हातांवर उभी आहेत.

ऊस तोडताना उजव्या हातात कोयता आणि डाव्या मुठीत ऊस असतो. घाव चुकला की डाव्या हाताची बोटे सापडतात. स्वच्छ कापडाची घडी जखमेवर ठेवून दहा मिनिटे सलग दाबावी आणि हात छातीच्या वर धरावा. रक्त थांबले का, हे सारखे उघडून पाहू नये. धरलेली गुठळी सुटते. कापड भिजले तर त्यावरच दुसरे ठेवावे. अंगठी, बांगड्या सूज येण्याआधी काढाव्यात. हळद, चुना, तंबाखू भरू नये. फडात हेच हाताशी असते हे खरे, पण त्याने जखमेत घाण जाते. सुतळी आवळून बोटाचा रक्तपुरवठा तोडणे त्याहून वाईट.

रक्त थांबले की माणूस पुन्हा कामाला लागतो आणि खरे नुकसान इथे होते. घाव अर्ध्या इंचाचा असला तरी आतली कंडरा किंवा नस तुटलेली असू शकते. म्हणून प्रत्येक बोट वेगवेगळे वाकवायला आणि सरळ करायला सांगावे; टोकाच्या दोन्ही कडांना स्पर्श कळतो का, विचारावे. एखादे जरी बोट वाकत नसेल किंवा बधिर असेल, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. ही तपासणी प्रत्येक मुकादमाला यायलाच हवी.

द्राक्षबागेत छाटणीच्या कात्रीचे घाव होतातच. शिवाय ऑक्टोबर छाटणीनंतर डोळे फुटण्यासाठी काड्यांना हायड्रोजन सायनामाइड लावतात. ते कातडी पोळवते. भिजलेले हातमोजे व कपडे उतरवून हात वाहत्या पाण्याखाली किमान पंधरा-वीस मिनिटे धरावा. या रसायनाचा संपर्क आल्यावर दारू घेतल्यास चेहरा लाल होणे, धडधड, श्वास लागणे असा त्रास होतो. संध्याकाळी मजूर घरी जाताना हे त्यांना स्पष्ट सांगितलेच पाहिजे.

कडबाकुट्टीत हात अडकला तर आधी वीज बंद करावी. हात ओढू नये. तुटलेले बोट ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत बंद करावे आणि ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवावी. बोट थेट बर्फात टाकल्यास पेशी मरतात. अशा वेळी रुग्णवाहिकेसाठी १०८ ला फोन करून, बोट जोडण्याची सोय असलेल्या रुग्णालयात नेण्याविषयी विचारावे.

पट्टी बांधण्याची विद्या आपल्याकडे जुनी आहे. सुश्रुतसंहितेत चौदा प्रकारचे बंध सांगितले असून त्यांतला ‘कोश’ हा अंगठा व बोटांच्या पेरांसाठी आहे. आजची रीत अशी : बोटांच्या मध्ये गॉज ठेवावे. पेला धरताना वाकतात तितकी बोटे वाकलेली असावीत. मनगटाला दोन वेढे देऊन पट्टी हाताच्या पाठीवरून तिरकी करंगळीकडे, तळव्यातून पुन्हा अंगठ्याच्या बाजूने वर आणि परत मनगटाकडे, अशी इंग्रजी आठच्या आकड्यासारखी फिरवावी. बोटांची टोके उघडी ठेवावीत. नख दाबून सोडल्यावर दोन सेकंदांत लाली परतली नाही, तर पट्टी सैल करावी. काच किंवा खिळा खोल रुतला असेल तर उपटू नये. भोवती कापडाची चुंबळ ठेवून वरून पट्टी बांधावी. मग ओढणीच्या झोळीत हात कोपरापेक्षा वर राहील असा अडकवावा.

शेतातल्या जखमेत माती जातेच. धनुर्वाताच्या लसीचे सर्व डोस झालेले असले तरी शेवटच्या डोसला पाच वर्षे उलटली असतील, तर पुन्हा टोचून घ्यावे लागते.