गुळवेल

गुळवेल (शास्त्रीय नाव: टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया) ही मेनिस्पर्मेसी कुळातील बहुवर्षायू, आधाराने चढणारी झुडूपवजा वेल आहे. भारतीय उपखंडाच्या उष्ण प्रदेशात ती सर्वत्र आढळते. ठाणे जिल्ह्याच्या शहापूर व मुरबाड तालुक्यांतील पानझडी जंगलांत, शेताच्या कुंपणांवर आणि आंबा, कडुनिंब अशा झाडांवर ती वाढते. ज्वरावरील औषध म्हणून तिचा वापर फार जुना असून अलीकडच्या काळात ती आदिवासींच्या उपजीविकेचे साधन आणि वैद्यकीय वादाचा विषयही ठरली आहे.

नावे
संस्कृतात तिला गुडूची, अमृता, छिन्नरुहा, मधुपर्णी, कुंडली इत्यादी नावे आहेत. छिन्नरुहा म्हणजे तोडली तरी पुन्हा रुजणारी. खोडाच्या आडव्या छेदात चाकाच्या आऱ्यांसारखी रचना दिसते, म्हणून ती चक्रलक्षणा. मराठीत गुळवेल व अमृतवेल, तर हिंदीत गिलोय ही नावे रूढ आहेत. रावणवधानंतर इंद्राने अमृतसिंचनाने वानरांना जिवंत केले व त्यांच्या अंगावरून ओघळलेल्या थेंबांतून ही वेल उगवली, अशी कथा भावप्रकाशात येते.

वर्णन
खोड मांसल असून त्यावर कागदासारखी पातळ, सोलून निघणारी साल असते. सालीखालचा भाग हिरवा असतो. फांद्यांपासून दोऱ्यासारखी हवाई मुळे खाली लोंबतात. पाने हृदयाकृती, लांब देठाची व एकाआड एक असतात. नर व मादी फुले वेगवेगळ्या वेलींवर येतात. फुले लहान व पिवळसर हिरवी, तर पिकलेली फळे वाटाण्याएवढी व लाल असतात.

आयुर्वेदातील स्थान
आयुर्वेदानुसार गुळवेल तिक्त व कषाय रसाची, उष्ण वीर्याची आणि रसायन गुणाची आहे. ज्वर, वातरक्त, प्रमेह व कावीळ यांवर ती सांगितली आहे. चरकसंहितेतील चार मेध्य रसायनांत मंडूकपर्णी, यष्टिमधू व शंखपुष्पी यांच्यासोबत तिचा समावेश होतो. अमृतारिष्ट, संशमनी वटी व कैशोर गुग्गुळ हे तिचे प्रसिद्ध कल्प होत. कडुनिंबावर चढलेली गुळवेल परंपरेने श्रेष्ठ मानली जाते.

गुळवेल सत्त्व करण्यासाठी ताजे खोड ठेचून रात्रभर पाण्यात भिजवतात, कुस्करून गाळतात आणि पाणी निथळून तळाशी बसलेला पांढरा साका वाळवतात. हा साका प्रामुख्याने स्टार्चचा असतो. पाण्यात विरघळणारी बरीच द्रव्ये निथळलेल्या पाण्याबरोबर निघून जातात. त्यामुळे सत्त्व, काढा व चूर्ण यांची रासायनिक घडण एकसारखी नसते.

रासायनिक घटक
खोडात बर्बेरिन, पामॅटिन, जॅट्रोऱ्हायझिन व मॅग्नोफ्लोरिन ही अल्कलॉइडे आढळतात. कडवटपणा मुख्यतः कोलुंबिनसारख्या डायटर्पिन लॅक्टोनांमुळे येतो. याशिवाय कॉर्डिफोलिओसाइड, सिरिंजिन ही ग्लायकोसाइडे व बीटा-सिटोस्टेरॉल हे स्टेरॉल असते. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातील संशोधकांनी खोडातून वेगळ्या केलेल्या अरॅबिनोगॅलॅक्टन या बहुशर्करेचा प्रतिकारपेशींवरील परिणाम १९९९ मध्ये प्रसिद्ध केला.

शहापूर व मुरबाडमधील संकलन
या भागात कातकरी, ठाकूर, महादेव कोळी व वारली हे आदिवासी समाज राहतात. त्यांपैकी कातकरी ही केंद्र शासनाच्या सूचीतील विशेष असुरक्षित जमात आहे. खैरापासून कात काढणे हा त्यांचा पूर्वापार व्यवसाय होता. तो मागे पडल्यानंतर अनेक कुटुंबे भातकापणी संपली की वीटभट्ट्यांवर स्थलांतर करू लागली. या पार्श्वभूमीवर गावाजवळच मिळणाऱ्या वनौषधींना महत्त्व आहे.

२०१८ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री वनधन योजनेखाली शहापूरच्या आदिवासी एकात्मिक सामाजिक संस्थेने गुळवेलीचे संकलन व विक्री हाती घेतली. संस्थेला २०२१ मध्ये डाबर, हिमालया व बैद्यनाथ या कंपन्यांकडून सुमारे १ कोटी ५७ लाख रुपयांची मागणी मिळाल्याचे केंद्र शासनाने जाहीर केले. वनहक्क कायदा, २००६ नुसार गौण वनोपज गोळा करण्याचा व विकण्याचा हक्क वननिवासींना आहे.

यकृतावरील परिणामांचा वाद
मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. शरदिनी डहाणूकर व सहकाऱ्यांनी अवरोधी काविळीच्या शस्त्रक्रियापूर्व उपचारांत गुळवेलीचा अभ्यास केला. १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ३० रुग्णांच्या चाचणीत गुळवेल दिलेल्या गटात जंतुसंसर्ग कमी आढळला. ही चाचणी लहान होती.

कोविड-१९ च्या साथीत प्रतिकारशक्तीसाठी अनेक लोक स्वतःहून गुळवेल घेऊ लागले. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या काळात मुंबईत गुळवेलीच्या सेवनानंतर यकृतदाह झालेल्या सहा रुग्णांचा अहवाल २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील यकृतदाहाचे स्वरूप स्वप्रतिकारजन्य विकारासारखे होते. पुढे १३ केंद्रांतील ४३ रुग्णांचा अभ्यास प्रकाशित झाला. आयुष मंत्रालयाने पहिल्या अहवालाचे निष्कर्ष अमान्य केले. वापरलेल्या वनस्पतीची ओळख पटवली गेली नव्हती व ती टिनोस्पोरा क्रिस्पा असू शकते, असे मंत्रालयाचे म्हणणे होते. दोन्ही बाजू मान्य केल्या तरी कावीळ, यकृतविकार किंवा स्वप्रतिकारविकार असलेल्यांनी वैद्यकीय सल्ल्याशिवाय गुळवेल घेऊ नये, हे स्पष्ट आहे. मधुमेहाच्या औषधांसोबत घेतल्यास रक्तशर्करा अधिक उतरण्याचाही संभव असतो.

ओळख व संवर्धन
टिनोस्पोरा क्रिस्पाच्या खोडावर ठळक गाठी किंवा फोड असतात. गुळवेलीच्या खोडावर तशा गाठी नसतात. वाळवून तुकडे किंवा चूर्ण केल्यावर हा फरक डोळ्यांना दिसत नाही. म्हणून ओळख पटवण्याची खरी जागा वेल तोडतानाच असते आणि तेथे संकलकाचे ज्ञान निर्णायक ठरते.

औषधासाठी खोड वापरले जात असल्याने वेल मुळासकट ओढल्यास ती नष्ट होते. जमिनीलगतचा भाग राखून वरचे खोड कापले, तर वेल पुन्हा फुटते. पावसाळ्याच्या सुरुवातीला बोटभर जाडीचे तुकडे लावूनही तिची लागवड सहज होते.

हेही पहा
कुडा, अडुळसा, निर्गुडी, कातकरी, तानसा अभयारण्य