नहुषाची पालखी, पनवेलमार्गे

१९७४ चा मे महिना. देशभर रेल्वेचा संप चालू आहे, त्यामुळे मुंबईहून पनवेलकडे येणारी प्रत्येक एसटी खच्चून भरलेली. तुम्हीही उभ्यानंच आलात. वाशीचा पूल झाल्यापासून ठाण्याचा वळसा वाचतो, एवढंच सुख. जिल्हा अजून कुलाबाच म्हणवतो. वाटेत लागलेली खारघर, कामोठे ही भातशेतीची गावं होती आणि खाचरं उन्हानं भेगाळलेली होती. बाजारात शिरलात की सुक्या बोंबलांचा वास नाकात बसतो.

पेपरवाल्याच्या टपरीवर आडव्या दोरीला चिमट्यांनी टांगलेली इंद्रजाल कॉमिक्स उन्हानं कडक झाली आहेत. टाइम्सवाल्यांनी हे मासिक १९६४ च्या मार्चमध्ये काढलं. दहा वर्षांत त्यातला वेताळ इथल्या पोरांच्या घरचाच झाला आहे. सुट्टीत दिवसाच्या भाड्यानं अंक मिळतो. पण अर्ध्या चड्डीतला एक मुलगा भाडं वाचवण्यासाठी तिथंच उभ्यानं वाचतोय. तुम्ही त्याच्या खांद्यावरून डोकावता. ठोसा बसलेल्या चोराच्या जबड्यावर अंगठीतली कवटी उमटली आहे. शाई थोडी सरकल्यामुळे एका कवटीच्या दोन झाल्यात.

"हा मरतो ना?" तुम्ही विचारता.

"मरतो की. हा एकविसावा आहे," मुलगा मान वर न करता सांगतो. मग थांबतो. "काका, पण याच्या अंगात देवासारखी ताकद असती, आणि हाच वाईट निघाला असता, तर याला धरला कुणी असता?"

तुम्ही पुढच्या काळातून आलेले. उत्तरादाखल डझनभर नावं तुमच्या ओठांवर आहेत, पण त्यातली बहुतेक अजून जन्मायची आहेत. टपरीवरचे आजोबा चष्मा कपाळावर सारतात. "अरे, त्याची गोष्ट आम्ही लहानपणी देवळात ऐकलीय. साल तेहेतीस असेल."

चला तर मग, तेहेतीस सालात.

जानेवारी सरत आलाय, माघ नुकताच लागलाय. वडाळे तळ्यावरून येणारा वारा सभामंडपात शिरला की गॅसबत्ती फुरफुरते. तुम्ही खांबाला टेकून बसता. शेजारी चाकं घडवणारा एक कारागीर आहे. बैलगाडीच्या चाकांसाठी पनवेल दूरवर ओळखलं जातं आणि त्याच्या तळहातांवर त्या कामाचे घट्टे आहेत. त्याच्यापलीकडची मंडळी उरणकडच्या खेड्यांतली. चिरनेरच्या जंगल सत्याग्रहावर गोळीबार झाला, त्याला अडीच वर्षंही झालेली नाहीत. कीर्तनकार बुवा पूर्वरंग आटोपतात, उपरणं कमरेला कसतात आणि आख्यानाला उभे राहतात.

वृत्राला मारून पापाच्या भयानं इंद्र पळालाय, पाण्यात कमळाच्या देठात लपून बसलाय. स्वर्गाला राजा नाही. देव आणि ऋषी पृथ्वीवर येतात आणि नहुषाला म्हणतात, तू हो. नहुष हा आयूचा मुलगा, ययातीचा बाप, धर्मानं राज्य करणारा. तो नको म्हणतो. "माझ्या अंगी तेवढं बळ नाही," हे त्याचे शब्द बुवा अगदी हळू उच्चारतात. इथं नीट ऐका, कारण पुढचं सगळं याच जागी ठरतं. देवच त्याला वर देतात: जो तुझ्या नजरेसमोर येईल, त्याचं तेज तुझं होईल.

मग त्याच्याशी लढणार कोण? समोर उभं राहिलं की संपलं. हळूहळू नहुष बदलतो. आधी बागा, अप्सरा, गाणं. मग इंद्राची शची मला हवी, असा हुकूम. शची बृहस्पतीच्या आश्रयाला जाते, मुदत मागते, लपलेल्या इंद्राला शोधून काढते आणि त्याच्या सांगण्यावरून निरोप धाडते: ऋषींनी उचललेल्या पालखीतून या. नहुषाला यात मोठेपणा वाटतो. बुवा आता खांद्यावर दांडा घेतल्यासारखे वाकून चालतात. पालखी हळू चालतेय म्हणून चिडलेला नहुष डावा पाय उगारतो आणि अगस्त्याच्या मस्तकावर मारतो. बुवांचा पाय फरशीवर आपटतो, मृदंगावर थाप पडते. उरणकडच्या मंडळींतला एक जण मान खाली घालतो. सभामंडपात सरकारचं नाव कुणी घेत नाही. घ्यावंही लागत नाही.

आता या कथेतली मला सगळ्यात आवडणारी जागा. ती महाभारताच्या अनुशासनपर्वात आहे. अगस्त्याच्या जटेत भृगू ऋषी लपून बसलेत. लपलेत म्हणूनच नहुषाची नजर त्यांच्यावर पडलेली नाही, आणि नजर पडली नाही म्हणून त्यांचं तेज शाबूत आहे. लाथ बसताच जटेतून शाप येतो: साप होऊन पृथ्वीवर पड. अजिंक्य माणसाच्या वरात राहून गेलेली फट शोधायची, ही युक्ती पुढे जगभरच्या कॉमिक्सवाल्यांनी शेकडो वेळा वापरली. इथं ती जटेत बसली आहे.

त्याच महिन्यात अमेरिकेतल्या क्लीव्हलंडमध्ये जा. बाहेर मंदी आहे, भाकरीसाठी रांगा आहेत. अठरा वर्षांचा जेरी सीगल शाळकरी वयात स्वतःचं मासिक काढतोय आणि त्याचा मित्र जो शुस्टर चित्रं काढतोय. सीगलच्या वडिलांच्या दुकानात चोर शिरले आणि त्यात वडील गेले, त्याला वर्षही झालेलं नाही. अंकात त्याची एक कथा आहे. रांगेतल्या एका भुकेल्या माणसाला एक प्राध्यापक औषध पाजतो. त्याला सगळ्यांच्या मनातलं कळू लागतं आणि त्याला जगावर राज्य करायचं असतं. शेवटी औषधाचा अंमल उतरतो आणि तो पुन्हा भाकरीच्या रांगेत येतो. कथेत त्याला सुपरमॅन म्हटलंय. जगाला ठाऊक असलेला सज्जन सुपरमॅन १९३८ मध्ये आला. आधी आला तो हा खलनायक. बळ आलं की माणूस बिघडतो, हेच त्या पोराच्या मनात पहिल्यांदा आलं.

पुढचे टप्पे भरभर. १९८० मध्ये 'एक्स-मेन'मधली जीन ग्रे डार्क फीनिक्स होते, एक तारा गिळते आणि त्याच्याभोवतीच्या ग्रहावरचे अब्जावधी जीव मरतात. लेखक क्लेअरमाँट आणि चित्रकार बर्न यांनी तिची शक्ती काढून घेऊन तिला जगवायचं ठरवलं होतं. मुख्य संपादक जिम शूटर म्हणाले, एवढी हत्या करून सुटका नाही. अंकाचा शेवट बदलला आणि १३७ व्या अंकात ती स्वतःच मरण पत्करते. २००९ मध्ये मार्क वेड यांनी प्लुटोनियन उभा केला. त्याच्या कानांना साऱ्या जगातलं बोलणं ऐकू येतं. त्यानं वाचवलेल्या माणसांचे टोमणेही त्यातच येतात, आणि ते ऐकून ऐकून तो फुटतो. २००६ च्या 'द बॉइज'मधला होमलँडर तर आता पनवेल लोकलमध्ये शेजारच्याच्या मोबाइलवर दिसतो.

या सगळ्यांत मी नहुषाला वर ठेवतो. कारण वनपर्वात त्याची गोष्ट पुढे चालू राहते. दहा हजार हत्तींचं बळ असलेल्या भीमाला एक अजगर विळखा घालतो आणि भीम हलूही शकत नाही. युधिष्ठिर येतो. अजगर त्याला विचारतो, ब्राह्मण कोण? युधिष्ठिर म्हणतो, सत्य, दान, क्षमा, दया ज्याच्यात आहे तो. जन्मावर ते ठरत नाही. उत्तरं पटली, भीम सुटला आणि अजगराचा पुन्हा नहुष झाला. हा नहुष युधिष्ठिराचा पूर्वज आहे. बिघडलेला नायक आपल्याच घरातला निघतो, आणि त्याला सोडवायला बळ कामी येत नाही. त्याला घडवताना देवांनी केलेली चूकही या कथेनं लपवलेली नाही.

पुण्याच्या भांडारकर संस्थेनं महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीतलं आदिपर्व त्याच १९३३ साली पुरं केलं आणि सगळी पर्वं १९६६ पर्यंत. मराठी भाषांतरं तर सहज मिळतात. उद्योगपर्व, अनुशासनपर्व आणि वनपर्वातलं आजगरपर्व, या तीन ठिकाणी ही कथा विखुरलेली आहे. तुमच्या घरात चित्रं काढणारं एखादं पोर असेल, तर ती तिन्ही प्रकरणं त्याला वाचून दाखवा आणि नहुष मराठीत काढायला सांगा.