‘बाहेरचा उमेदवार’ कुठून आला?

२०२४ मध्ये पीयूष गोयल उत्तर मुंबईतून उभे राहिले आणि जुना वाद पुन्हा उठला: उमेदवार इथला की बाहेरचा? या वादाचं पालकत्व सगळे सरसकट शिवसेनेला देतात. माझ्या मते तो जन्मला काँग्रेसच्या घरात, मुंबई काँग्रेसचे नेते स. का. पाटील यांच्या हातून.

आधी १९५७ पाहा. संयुक्त महाराष्ट्राचं आंदोलन ऐन भरात असताना उत्तर मुंबईने काँग्रेसचे व्ही. के. कृष्ण मेनन निवडून दिले, तेही मूळचे कोझिकोडचे. १९६२ मध्ये त्यांनी आचार्य कृपलानींना सुमारे दीड लाख मतांनी हरवलं. हा वाद भाषिक आंदोलनातून उपजला म्हणणाऱ्यांनी या दोन निकालांचा उलगडा करून दाखवावा.

१९६७ मध्ये पाटलांच्या मुंबई काँग्रेसने मेनन यांना तिकीट नाकारलं. कारण दिलं, ते महाराष्ट्राचे नाहीत. तिकीट मिळालं स. गो. बर्व्यांना. आठ महिन्यांची शिवसेना त्यांच्यामागे उभी राहिली. शिवसेनेच्या ‘मार्मिक’ साप्ताहिकातल्या दाक्षिणात्यांच्या याद्या नोकऱ्यांच्या होत्या, मुद्दा मतपेटीपर्यंत नेला तो काँग्रेसने. मेनन ईशान्य मुंबईतून अपक्ष लढले, हरले. बर्वे लगेच वारले, तेव्हा पोटनिवडणुकीत त्यांच्या भगिनी ताराबाई सप्रे यांनीही मेनन यांना हरवलं.

कुणी म्हणेल, मेनन यांना ते संरक्षणमंत्री असताना झालेल्या चीनच्या युद्धाने बुडवलं. मग १९६९ मध्ये मिदनापूरने आणि १९७१ मध्ये त्रिवेंद्रमने त्यांना कसं निवडलं? मला अडवतो तो दुसराच निकाल. त्याच १९६७ मध्ये खुद्द पाटील दक्षिण मुंबईत मंगळूरच्या जॉर्ज फर्नांडिसांकडून पडले. तिथे कामगार संघटनांचं बळ होतं. उपनगरं मात्र नव्याने भरत होती, म्हणून ‘आधीचा कोण’ हा प्रश्न उपनगरांतच पेटला असावा.

उत्तर मुंबईचं पुढचं सर्वांना ठाऊक आहे: १९७७ मध्ये मृणाल गोरे, १९८९ पासून सलग पाच वेळा राम नाईक. २००४ मध्ये गोविंदाने नाईकांना ४८,२७१ मतांनी पाडलं, ते ‘विरारचा छोकरा’ म्हणून. विरार तेव्हा याच मतदारसंघात होतं.

आणि याच उत्तर मुंबईतलं मढ? कोळी नि ईस्ट इंडियन लोकांचं हे गावठाण, ‘इथला’ म्हणवून घेण्याचा पहिला हक्क त्यांचा. मढ ज्यात येतं त्या मालाड पश्चिमने २००९ पासून चार वेळा काँग्रेसचे अस्लम शेख निवडले. लोकसभेला उत्तर मुंबईत २०१४ पासून भाजप जिंकतो. शेख यांच्या विजयांत मालवणीच्या मोठ्या वस्तीचा वाटा उघड आहे. पण माझा अंदाज असा, की आमदार निवडताना इथे बंदर, गावठाणाची हद्द आणि पाणी पाहिलं जातं. ‘इथला की बाहेरचा’ हे भांडण खासदारकीपुरतंच उरलं आहे.